मेलेल्या अण्णांची फुंकर

मेल्यानंतर तिसऱ्या दिवशी छोट्याला मोठ्या भावाच्या घरून बोलावणं आलं.

मेल्यानंतर म्हणजे पडद्यावर. एरवी तो ठणठणीत होता, आणि पहाटे उठून सेटवर पळायचं बंद झाल्यापासून तर दोन घास जास्तच खात होता. बोलावणं वहिनींचं होतं. त्यात कसं काय, बरं आहे ना, असलं काही नव्हतं. "भावजी, हे दवाखान्यात जायला नाही म्हणतायत. पाच वाजता दाखल व्हायचंय, उद्या सकाळी ऑपरेशन. तुम्ही जे करून ठेवलंय ना, ते तुम्हीच येऊन निस्तरा." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

"मी काय केलं?" छोट्याने ठेवलेल्या फोनला विचारलं.

"मेलात," बायको म्हणाली आणि गाडीची किल्ली घेऊन उठली.

सत्तावन्न वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात एकच घर उरलं होतं. बाकी सगळीकडे तो अण्णा होता. अकरा वर्षं रोज संध्याकाळी साडेसातला तो एका मोठ्या घराच्या जिन्यावरून उतरायचा आणि खाली जमलेल्या सुना, मुलं, जावई असल्या गोतावळ्याला चार शब्द सुनवायचा. जिना सोळा पायऱ्यांचा आणि प्लायवूडचा. वर खोली वगैरे काही नाही, थेट भिंत. 'मी वर जातो, मला कुणी उठवू नका' असं रागाने म्हणून गेलं, की सोळाव्या पायरीवर भिंतीला नाक लावून, पोट आत ओढून, कट म्हणेपर्यंत उभं राहायचं. छोट्याच्या कारकिर्दीचं याहून अचूक वर्णन अजून कुठल्या समीक्षकाला जमलेलं नाही. त्याआधीची बावीस वर्षं तर सांगायलाच नकोत. इन्स्पेक्टर, दुसरा डॉक्टर, नवऱ्यामुलाचा काका, आणि एकदा तीन भाग नुसताच फोटो. फोटोचं काम चांगलं झालं असं त्याची थोरली बहीण, ताई, अजून म्हणते.

अण्णा मात्र चालला. चालला तो एका फुंकरीवर. महत्त्वाचं काही बोलायचं असलं की अण्णा चष्मा काढायचा, एक वाक्य टाकायचा, काचेवर हलकीशी फुंकर मारायचा आणि मग पुढचं बोलायचा. लोक वेडे झाले. बँकेत, बसस्टॉपवर, दाढी करताना न्हाव्यानेसुद्धा छोट्याच्या तोंडावर फुंकर मारलेली आहे. ही खुबी सुचली कशी, असं मुलाखतीत विचारलं की तो डोळे बारीक करून म्हणायचा, "भूमिका आतून येते."

आतून कसली येते! ती आली होती दादाच्या घड्याळाच्या दुकानातून. दादा एका डोळ्याला भिंग लावायचा, उघडलेल्या घड्याळावर फुंकर मारून धूळ उडवायचा, आणि मगच गिऱ्हाईकाला सांगायचा, हे दुरुस्त होईल की नाही ते. लहानपणी छोट्या त्या काऊंटरखाली बसून अभ्यास न करता हेच बघायचा. अकरा वर्षं त्याने भावाची फुंकर विकून खाल्ली आणि भावाला कधी साधं विचारलंही नाही. दादानेही कधी विषय काढला नाही. "मी कुठे बघतो तुझी सिरीयल," एवढंच.

दादाच्या बाहेरच्या खोलीत दाराशीच पिशवी पडली होती, अर्धी भरलेली. वहिनी खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. ताई मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली असली तरी खोलीतली तिची जागा तीच होती, सगळ्यांच्या समोर, उभी. छोट्याची लेक सकाळीच इथे आली होती आणि कोपऱ्यात मोबाईल बघत होती.

"तीन वेळा भरली," वहिनी पिशवीकडे हात करून म्हणाल्या. "तीन वेळा ह्यांनी रिकामी केली. आता दात घासायचा ब्रश पुन्हा जाऊन पेल्यात ठेवलाय. बोलत नाहीत, भांडत नाहीत. नुसती एकेक वस्तू जागेवर नेऊन ठेवतात."

"पण का?"

"का म्हणून मला विचारता? तुमचा तो अण्णा. डॉक्टर काय म्हणाला त्याला? 'छोटंसं ऑपरेशन आहे, चार दिवसांत घरी.' आमचा डॉक्टर काल काय म्हणाला? शब्दन् शब्द तेच! हे तिथल्या तिथे खुर्चीतून उठले. म्हणाले, घरी चल. ऑपरेशन नाही केलं तर फार तर सहा महिने, हे त्याच डॉक्टरने सांगितलंय."

"दादा सिरीयल बघतच नाही ना?" छोट्याच्या आवाजात नको तेवढा आनंद आला. बायकोने त्याला कोपर मारलं.

"तो बघतो की नाही हा प्रश्न नाही," ताई म्हणाली. "गावभर चर्चा आहे. शेजारीण काल येऊन रडून गेली. ऑपरेशन टेबलवर माणूस मेला ते सगळ्यांना माहीत झालंय. आता आम्ही सगळे सांगून दमलो. तू सांग."

"माझं तो ऐकेल?"

"तुझं नाही रे. तुझं कोण ऐकतं! अण्णाचं. सगळी दुनिया त्याचं ऐकते. आत जा, चष्मा घे, फुंकर मार, आणि तुझ्या त्या भारदस्त आवाजात चार वाक्यं बोल. नाटक करायला आयुष्य घालवलंस, एकदा घरासाठी कर."

खरं सांगायचं तर इथेच छोट्याने नाही म्हणायला हवं होतं. पण नटाला कुणी 'करून दाखव' म्हटलं की त्याची अक्कल गहाण पडते. त्याने घसा साफ केला. कुणाचा तरी चष्मा मागितला. वहिनींचा मिळाला, तर त्याची दांडी गुलाबी होती. "उजेड मागून आला तर बरं," असं म्हणून त्याने खिडकीचा पडदासुद्धा सरकवला.

वहिनींनी डोळे पुसले. "भावजी, तुम्हीच आता. पण काहो, तुमच्या त्या लेखकाला एवढी कसली घाई झाली होती? मारायलाच हवं होतं का माणसाला?"

"चॅनेलचा निर्णय," छोट्या म्हणाला आणि अण्णासारखा सुस्कारा टाकला. "आपल्या हातात काय असतं, वहिनी."

"पण बाबा," लेक मोबाईलमधून मान न काढता म्हणाली, "ते तर तुम्हाला परगावी पाठवणार होते ना? दुसरी फॅक्टरी काढायला? तुम्हीच म्हणालात, नको, मला मारा."

वहिनींनी डोळे पुसता पुसता हात खाली घेतला.

"म्हणजे?" वहिनी म्हणाल्या.

छोट्याने बायकोकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती. पोरगी आईवर गेली असती तर बरं झालं असतं, पण खरं बोलायची खोड कुणाची घेतली देव जाणे. त्याची तर नक्कीच नव्हती.

"म्हणजे असं की," तो म्हणाला, "परगावी पाठवलं असतं तर बॅग घेऊन नुसतं दारातून बाहेर जायचं होतं. एक वाक्य. 'सांभाळा रे सगळ्यांना.' अकरा वर्षांनंतर एक वाक्य! ऑपरेशनच्या आधी मात्र आठ मिनिटांचं भाषण मिळत होतं. सगळं घर भोवती, एकेकाचा हात हातात घेऊन निरोप. असा प्रवेश नटाला जन्मात एकदा मिळतो, वहिनी."

"आठ मिनिटं," वहिनी हळूच म्हणाल्या. मग त्यांचा आवाज चढला. "आठ मिनिटं बोलायला मिळावीत म्हणून तुम्ही मेलात? आणि इथे माझं माणूस ब्रश पेल्यात ठेवून बसलंय?"

"हौस दांडगी," ताई म्हणाली. मघाशी त्याच्या बाजूने असलेली ताई दोन पावलं सरकून वहिनींच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. "शाळेच्या स्नेहसंमेलनात हेच केलं होतं याने. झाडाचं काम दिलं होतं, तर वादळात पडून पाच मिनिटं विव्हळत बसला. राजाराणीचं लग्न राहिलं बाजूला."

"तेव्हा टाळ्या मिळाल्या होत्या," छोट्या पुटपुटला.

"पुरे हां आता!" हे बायको बोलली, आणि सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण ती या घरात सहसा बोलत नसे. "त्यांना बोलायचं असेल ते मी बोलेन, रोज बोलते. पण ते ठरवून कुणाचं वाईट करायला गेले नव्हते. ह्यांना कळत नाही, एवढंच आहे. तीस वर्षं बघतेय, ह्यांना खरंच कळत नाही."

बचाव म्हणून हा काही फार बरा नव्हता. पण छोट्याला एवढं भरून आलं की तो तसाच, वहिनींचा गुलाबी दांडीचा चष्मा हातात धरून, आतल्या खोलीकडे निघाला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार झाले होते.

दादा टेबलाशी बसला होता. डोळ्याला भिंग, समोर एक बायकी घड्याळ उघडं करून ठेवलेलं. एकाहत्तरीचा माणूस, पण पाठ सरळ. छोट्या आत आल्याचं त्याला कळलं, पण त्याने मान वर केली नाही.

छोट्या खिडकीशी गेला. उजेड मागून. त्याने चष्मा वर धरला आणि खालच्या पट्टीतल्या, घोटलेल्या आवाजात म्हणाला, "माणूस घाबरतो ते मरणाला नाही." मग काचेवर फुंकर मारली. "तो घाबरतो..."

"चुकलं," दादा म्हणाला.

"काय?"

"आधी फुंकर, मग बोलणं. धूळ उडवल्याशिवाय आतलं दिसत नाही, आणि दिसल्याशिवाय बोलायचं काय? तू अकरा वर्षं आधी बोलतोस आणि मग फुंकर मारतोस. दर वेळी वाटायचं, सांगावं याला." दादाने भिंग काढलं. "आणि तो चष्मा तुझ्या वहिनीचा आहे. खाली ठेव, दांडी आधीच सैल आहे."

छोट्या स्टुलावर बसला.

"तू बघायचास?"

"दुकानात आहे ना तो छोटा टीव्ही. आवाज बंद करून बघायचो. घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागते मला कामात."

"आवाज बंद करून? अकरा वर्षं?"

"हो."

"म्हणजे ते भाषण, आठ मिनिटांचं..."

"तोंड बराच वेळ हलत होतं खरं तुझं," दादा म्हणाला.

हसावं की रडावं! ज्या भाषणासाठी त्याने भरल्या घरात, चांगला पगार देणारा, जिना उतरणारा अण्णा मारून टाकला होता, ते भाषण ज्याची फुंकर चोरली त्या एकमेव माणसाने ऐकलंच नव्हतं. छोट्याच्या मनात आलं की आत्ता म्हणून दाखवावं, पाठ आहे. तेवढीही लाज उरली नव्हती त्याला. पण दादाचे हात त्याला दिसले. टेबलाच्या कडेवर ठेवलेले, रिकामे. घड्याळ उघडं असताना दादाचे हात कधी रिकामे नसत.

"मंगळवारी हे माझ्या हातातून पडलं," दादा समोरच्या घड्याळाकडे बोट करून म्हणाला. "पन्नास वर्षांत गिऱ्हाईकाचं घड्याळ पाडलं नव्हतं. तुझ्या तोंडावर त्या नर्सने चादर ओढली ना, तेव्हा पडलं. एक चाक कुठे गेलं सापडतच नाहीये."

"अरे पण दादा, ते सगळं खोटं..."

"मला शिकवतोस? खोटं आहे ते कळतं मला. कळूनही पडलं. आवाज नव्हता, काही नव्हतं, नुसता तू आणि ती चादर. मी आपला चादरीकडे बघत राहिलो. मग ती हलली. छातीपाशी, जराशी. तेव्हा जिवात जीव आला."

चादर हलली होती, कारण छोट्या तिच्याखाली खरोखर झोपला होता. चौदा तास काम झालं होतं, टेबल गार होतं, चादर ऊबदार होती. तो घोरलासुद्धा; घोरणं नंतर आवाजातून पुसलं. दिग्दर्शकाने त्याला उठवून सांगितलं होतं, "सर, हा तुमचा आजवरचा सगळ्यात सहज अभिनय." हे छोट्याने आजपर्यंत बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता त्याने दादाला सांगितलं.

दादा हसला नाही. "तुझी हलली," तो म्हणाला. "माझी नाही हलली तर? मी काय, सुटलो. पण ही बघेल. ताई बघेल. तू बघशील. मी दोन मिनिटं बघितलं तर माझा हात गेला. तुम्हाला जन्मभर तेच डोळ्यांसमोर. नकोच ते. घरी जेवढे दिवस जातील तेवढे जातील."

अच्छा, म्हणजे हे असं होतं. बाहेर सगळे समजत होते की दादा स्वतःसाठी घाबरलाय.

छोट्याने तोंड उघडलं आणि त्याला एकही वाक्य आठवलं नाही. तेहतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेली वाक्यं बोलण्यात गेली, आता स्वतःचं म्हणून शोधायला गेला तर कपाट रिकामं. मग तो जे सापडलं ते बोलला.

"बाबा गेले तेव्हा तू मला टाचण्या आणायला पाठवलंस. आठवतं? कोपऱ्यावरच्या दुकानात. नऊ वर्षांचा होतो. परत आलो तेव्हा सगळं झालं होतं. आई गेली तेव्हा माझं शूटिंग होतं, तूच म्हणालास, काम सोडून येऊ नकोस, मी आहे. दर वेळी बघायचं काम तू केलंस, दादा. मी कुणाचंच बघितलेलं नाही. म्हणून तर मला धड मरतासुद्धा आलं नाही, झोप लागली."

दादाने टेबलावरचं भिंग डबीत ठेवलं.

"या वेळी मी दाराशी उभा राहतो. जे काय असेल ते आधी मी बघेन. वहिनींना, ताईला मी सांगेन. तू नुसता आत जा. नाही गेलास तर डॉक्टर म्हणालाय ना, सहा महिने, फार तर. मला भीती वाटते रे. मला येतं काय? तुझं बघून करायचं, एवढंच येतं. तू गेलास तर मी बघू कुणाचं?"

"तुला जमेल?" दादाने विचारलं. गिऱ्हाईकाला विचारतात तसं सरळ विचारलं. "उभं राहायला?"

"सत्तावन्न वर्षांचा आहे मी."

"वाटत नाहीस."

"केस रंगवतो."

आता मात्र दादा हसला. मग उठला, बाथरूममध्ये गेला, आणि ब्रश घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन त्याने तो पिशवीत टाकला. वहिनी काही म्हणायला गेल्या, तर ताईने त्यांचा खांदा दाबला. छोट्याची बायको किल्ली घेऊन आधीच दारात उभी होती.

"हा काय बोलला आत?" ताईने विचारलं. "अण्णा केला का?"

"केला," दादा म्हणाला. "वाईट केला." आणि चपला घालता घालता छोट्याकडे वळून म्हणाला, "आणखी एक. भाषणाच्या शेवटी तू 'जातो' म्हणालास. ओठांवरून कळलं मला. घरातून निघताना 'जातो' म्हणतं का कुणी? लेखक कोण तुझा?"

त्या शेवटच्या ओळीत छोट्याने स्वतःच फेरफार केला होता. लेखकाने 'येतो' लिहिलं होतं. 'जातो' जास्त परिणामकारक वाटलं होतं. त्याने वाकून पिशवी उचलली.

सकाळी सव्वासातला दादाला स्ट्रेचरवरून नेलं. लांब, पांढरा कॉरिडॉर, दोन टोकांना दोन दारं. नर्सने छोट्याला ओळखलं आणि बिचारी दचकलीच. "अण्णा! तुम्ही तर..." "हो," छोट्या म्हणाला, "पण सध्या बरा आहे." वहिनी, ताई, बायको, लेक मागे बाकावर थांबल्या. नियमाप्रमाणे आतल्या दारापर्यंत एकालाच जायची परवानगी होती. छोट्या गेला.

डॉक्टर समोरून आला आणि म्हणाला, "काही काळजी करू नका. छोटंसं ऑपरेशन आहे, चार दिवसांत..." छोट्याने त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो पुढचं गिळून आत गेला.

दारापाशी स्ट्रेचर थांबलं. दादा गळ्यापर्यंत चादरीत. चष्मा नाही, भिंग नाही, त्यामुळे चेहरा उघडाबोडका दिसत होता. तो छोट्याला म्हणाला, "बघतोयस ना नीट?"

"बघतोय."

"बघ हं."

आणि दादाने दोन्ही हातांनी चादर धरली आणि स्वतःच्या तोंडावर ओढून घेतली. मागून वहिनी किंचाळल्या, "अहो, हे काय अभद्र!" नर्स पुढे धावली. छोट्या जागचा हलला नाही. सांगितलं होतं ना त्याने, बघेन म्हणून. तो पांढऱ्या चादरीकडे बघत उभा राहिला. नाक कुठे, हनुवटी कुठे, ते तेवढं दिसत होतं. एक क्षण गेला, दोन गेले.

मग आतून फुंकर आली. हलकीशी, धूळ उडवायची असते तेवढीच. चादर ओठांपाशी फुगली आणि खाली बसली.

दादाने चादर खाली केली. "आधी फुंकर," तो म्हणाला. "मग बोलणं."

दार उघडलं. स्ट्रेचरची चाकं फिरली.

"येतो," दादा म्हणाला.

छोट्याला रडू आलं. उजव्या डोळ्यातून आलं, ती त्याची बाजू कॅमेऱ्यात वाईट दिसते, आणि त्याने पुसलंसुद्धा नाही. दोन्ही हात मागे बांधून, पोट सोडून, तो बंद दारासमोर उभा राहिला. मागून बायकोने हाक मारली, बस तरी म्हणून. त्याने मानेनेच नाही म्हटलं, आणि बघत राहिला.